व्हायरल आहे, होईल बरं

नागपुरात ताप आलेल्या माणसाला दोन वाक्यं फुकट मिळतात. पहिलं, "सध्या व्हायरल चालू आहे." दुसरं, "होईल बरं दोन-तीन दिवसांत." हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. प्रताप नगर चौकातला पानठेलेवाला सांगतो, जिन्यात भेटलेल्या काकू सांगतात, ऑफिसच्या कॅबचा ड्रायव्हर तर गोळीचं नावही सांगतो. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा हे सगळे बरोबर असतात. ताप येतो, तीन दिवस लोळायला लावतो, जातो.

पण माझा धंदाच बग शोधायचा, त्यामुळे "व्हायरल" हा शब्द ऐकला की मला "सिस्टीम चालत नाहीये" असं लिहिलेलं तिकीट आठवतं. अरे बाबा, कोणती सिस्टीम? कधीपासून? एरर काय येतोय? व्हायरल म्हणजे विषाणूमुळे आलेला, बस्स. साधी सर्दी व्हायरल, फ्लू व्हायरल, कोविड व्हायरल, डेंग्यूही व्हायरलच. चौघांची चाल वेगळी आणि धोक्याची वळणंही वेगळी. आपण मात्र चौघांना एकाच फोल्डरमध्ये टाकून मोकळे होतो.

फ्लूची एक खूण मला फार आवडते. (आवडते म्हणजे निदानाच्या दृष्टीनं हं!) ती म्हणजे तो कधी सुरू झाला हे घड्याळात बघून सांगता येतं. सर्दी दबक्या पावलांनी येते. आज घसा खवखवला, उद्या नाक वाहायला लागलं, परवा डोकं जड. फ्लू तसा नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, मारबतच्या आदल्या सोमवारी, मी मिहानमधल्या ऑफिसात दुपारचं जेवण व्यवस्थित जेवलो. साडेतीनला एका ज्युनियरच्या कोडवर कमेंट्स टाकत होतो. चार वाजता एसी जास्त वाटायला लागला. पाच वाजता दात वाजत होते आणि पाठीवरून कोणीतरी रोडरोलर फिरवल्यासारखी अंगदुखी. डोळे हलवले तरी दुखत होते. कॅबमध्ये बसलो तेव्हा घरापर्यंतचा रस्ता हैदराबादइतका लांब वाटला. घरी ताप मोजला, १०२.६.

अचानक ताप, थंडी, अंग मोडून येणं, डोकेदुखी, प्रचंड थकवा, आणि मग मागून येणारा कोरडा खोकला नि घसा. नाक वाहणं असलं तर असतं, पण मुख्य भूमिका त्याची नाही. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते चार दिवस लागतात, आणि लक्षणं सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्यांना वाटायला लागतो. म्हणजे रविवारी मी आई-बाबांबरोबर जेवत बसलो होतो तेव्हाच, काहीही त्रास नसताना, प्रसाद देऊन झाला होता. याला इलाज नाही. मास्क घालून वेगळ्या खोलीत जाण्याची अक्कल ताप आल्यावरच सुचू शकते, आणि ती मी सोमवारी संध्याकाळीच वापरली.

माझ्या आजीला फ्लू हा शब्द माहीत नव्हता, पण तिच्याकडे त्याहून चांगला शब्द होता. मानमोडी. तिनं तो तिच्या मोठ्यांकडून ऐकलेला. १९१८ सालची मानमोडीची साथ. मान मोडून टाकणारा ताप. काय नाव आहे! "इन्फ्लुएंझा" म्हणताना नुसतं तोंड वाकडं होतं, "मानमोडी" म्हटलं की लक्षणंच कळतात.

त्या साथीबद्दल मी नंतर वाचलं तेव्हा एक गोष्ट बोचली. आपल्याकडे ती १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत दिसली, ती पहिली लाट तशी सौम्य होती. खरा तडाखा सप्टेंबर ते नोव्हेंबरात बसला, आणि सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांत मुंबई इलाख्याबरोबर आपला मध्य प्रांत-वऱ्हाड होता. नागपूर त्याची राजधानी. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, म्हणजे अर्धपोटी माणसं आणि वरून हा ताप. देशभरात किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या पुढेपर्यंत जातात. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५.२१ कोटी लोक होते, १९२१ साली २५.१३ कोटी. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, असं जनगणनेच्या इतिहासात एकदाच झालंय. आणि फ्लू एरवी म्हातारे आणि तान्ही बाळं उचलतो, तिथे या साथीनं विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं नेली. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची. सिक लीव्ह वाचवून ठेवणारी.

असो. इतिहास आवडतो म्हणून भरकटलो. पण फ्लूला "साधा" म्हणताना हे डोक्याच्या मागे कुठेतरी असावं.

माझ्या पिढीच्या आठवणीतला फ्लू म्हणजे अर्थातच स्वाइन फ्लू. २००९ मध्ये मी सातवीत होतो. ३ ऑगस्टला पुण्यात एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली, भारतातला या आजाराचा तो पहिला मृत्यू. त्यानंतरचा पुण्यातला आठवडा टीव्हीवर बघितलेला आठवतो. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, रांगेत रुमाल बांधलेली माणसं, शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, मास्क मिळेना. माझी मावशी तेव्हा कोथरूडला होती, ती रोज फोनवर आईला आकडे सांगायची आणि आई आमच्या दप्तरात कापूर ठेवायची. कापराचा विषाणूवर काही परिणाम होतो असा पुरावा नाही, पण आमच्या वर्गाला बरेच दिवस देवघराचा वास येत होता :-)

आता विचार केला की त्या रांगांचं वाईट वाटतं. कारण त्यातले अनेक जण नुसती सर्दी असलेले होते. ते भीतीपोटी तपासणीला आले आणि खऱ्या फ्लूवाल्यांच्या मध्ये तासन् तास उभे राहिले. याच गोंधळातून सरकारनं एक फार उपयोगी गोष्ट काढली, आणि ती आजही जवळपास तशीच वापरली जाते. रुग्णांचे तीन गट, ए, बी आणि सी. मला हे कळलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आमच्या सपोर्ट टीमचं प्रायॉरिटी ठरवण्याचं काम!

ए म्हणजे हलका ताप, खोकला, घसा, थोडी अंगदुखी. घरी राहा, पाणी प्या, झोपा. टेस्ट नको, फ्लूचं औषधही नको. फक्त २४ ते ४८ तासांनी परत बघायचं की आपण अजून ए मध्येच आहोत ना. बी मध्ये दोन प्रकार. एक, ताप बराच जास्त आणि घसा फार दुखतोय. दुसरा प्रकार महत्त्वाचा, कारण तो लक्षणांवर ठरत नाही, माणसावर ठरतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, ६५ च्या पुढचे, आणि ज्यांना मधुमेह, दमा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार, हृदय, किडनी, लिव्हर, कॅन्सर असं काही आहे किंवा जे बराच काळ स्टिरॉइड घेतायत, ते. यांचा ताप हलका असला तरी ते बी. यांनी डॉक्टरांकडे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जायचं, कारण ऑसेल्टामिविर (टॅमिफ्लू म्हणून ऐकलं असेल) सुरू करायचं असेल तर ते पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. ते अँटिबायोटिक नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंही नाही. आणि सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब घसरणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळसर. लहान मूल असेल तर दूध-खाणं नाकारणं, सतत किरकिर किंवा उलट अगदी मलूल पडणं, झटके. आणि जुना आजार असेल तर तो अचानक बिघडणं. सी ला विचार करायचा नाही, हॉस्पिटल.

२०१५ च्या सुरुवातीला हाच विषाणू परत आला तेव्हा मी बारावीला होतो. त्या वर्षी देशभरात ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३ हजार माणसं गेली. महाराष्ट्रात नागपूर-विदर्भाला चांगलाच फटका बसला होता. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, हॉलमध्ये निम्मी पोरं रुमाल बांधून. आमच्या गल्लीतले एक काका त्यात गेले. पन्नाशीही नव्हती. लोकांच्या तोंडून तेव्हा एकच वाक्य ऐकलं, "कालपर्यंत तर बरे होते बाप्पा." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं होतं. का, ते पुढे सांगतो.

तर गेल्या वर्षीचा ऑगस्ट. सोमवारी मी पडलो, गुरुवारी संध्याकाळी बाबा. बाबा ६३ वर्षांचे, मधुमेहाला पंधरा वर्षं झालेली. वयानं नाही तरी साखरेनं थेट बी गटात. शुक्रवारी सकाळी मीच अजून अर्धवट असताना त्यांना खामल्याला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, ऑसेल्टामिविर दिलं, तापासाठी पॅरासिटामॉल आणि डेंग्यूची टेस्ट. ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात ताप म्हटला की डेंग्यूचा विचार करावाच लागतो. डेंग्यूतही ताप अचानक, अंगदुखी भयंकर, डोळ्यांच्या मागे दुखणं. खोकला आणि घसा हे मात्र सहसा फ्लूचे. जोवर डेंग्यू नाही हे ठरत नाही तोवर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या जातीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. (आणि मुलांना फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.) बाबांची डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली.

पॅरासिटामॉलबद्दल एक छोटी गोष्ट, कारण ती मी मित्रांमध्ये नेहमी बघतो. तापाला ६५० ची गोळी, सर्दीला वेगळी गोळी, अंगदुखीला तिसरी. पाकिटाच्या मागे वाचा, तिन्हीत पॅरासिटामॉल असतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू जास्त होत असेल तर त्याहून बरीच खाली. त्याच्यापुढे लिव्हरची वाट लागते. तीन वेगळी नावं बघून आपल्याला वाटतं तीन वेगळी औषधं. एकच व्हेरिएबल तीन नावांनी.

घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर होता. मी एक शीट बनवली. (हसू नका. आईही हसली होती.) वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, श्वास मिनिटाला किती, काय खाल्लं, लघवी झाली का, साखर किती. आजारपणात साखर वर-खाली फार होते, त्यामुळे ती मोजावीच लागते. बाबांचं म्हणणं, "मी माणूस आहे का तुझा सर्व्हर?" मी म्हटलं, "बाबा, सर्व्हर तक्रार तरी करत नाही."

शीटपेक्षाही कामाची गोष्ट मी शुक्रवारीच केली होती. आई-बाबांना समोर बसवून आधीच ठरवून घेतलं की काय झालं तर कोणाशीही चर्चा न करता निघायचं. ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास मिनिटाला २४ च्या वर, बोलताना धाप, बोलण्यात गोंधळ, किंवा ताप जाऊन परत आला तर. यातलं एक जरी झालं तरी गाडी काढायची. आमच्याकडे प्रॉडक्शनला अलर्टचे आकडे शांतपणे, दिवसाउजेडी ठरवतात. रात्री दोनला सिस्टीम पडल्यावर ठरवायला बसलं तर प्रत्येक जण म्हणतो, जरा अजून बघू या. घरात तर हे दहापट होतं. आजारी माणूस घासाघीस करतो आणि घरचे त्याला दुखवायचं नाही म्हणून हो म्हणतात.

रविवारी बाबांचा ताप उतरला. सोमवारी ते उठून बसले, वरण-भात खाल्ला, पेपर वाचला, मारबतच्या मिरवणुकीचे फोटो बघून या वर्षी जायचं राहिलं म्हणून हळहळले. आमच्या घराण्यात मारबत बघायला महालात जायची पद्धत आजोबांपासूनची. सगळी रोगराई, खोकला, पीडा घेऊन जा म्हणून लोक तिच्यामागे ओरडत जातात, शतकाहून जुनी प्रथा. आमचा खोकला मात्र तिनं घरीच ठेवला होता.

मंगळवारी हरितालिका. आईचा उपास, घरात दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची गडबड. चितारओळीतून मूर्ती आणायला आत्याचा मुलगा गेलेला. संध्याकाळी सहाला बाबा म्हणाले, जरा पडतो. साडेसातला अंग गरम. १०१.८. खोकला आता कोरडा नव्हता, पिवळट बेडका पडत होता. बाबांना न सांगता, त्यांची छाती बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. (सांगून मोजले की माणूस नकळत श्वास बदलतो.) २८. मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना १२ ते २० असतात. ऑक्सिमीटर ९२. बोट गार असलं तर तो चुकीचं दाखवतो म्हणून हात चोळून, दुसरं बोट बदलून परत. ९२. ९१. ९२.

आणि मग बाबांनी विचारलं, "आज रविवार ना?"

फ्लूतलं हेच ते वळण. विषाणू आपलं काम करून निघतो, पण जाताना फुप्फुसांचा आतला थर खरवडून ठेवतो, आणि त्या जखमी भिंतीतून जिवाणू आत शिरतात. चार दिवस फ्लू, एक-दोन दिवस बरं, आणि मग न्यूमोनिया. म्हणून बरं वाटून परत ताप येणं आणि खोकला आधीपेक्षा वाईट होणं हा पहिल्या तापापेक्षा मोठा इशारा आहे. गंमत बघा, डेंग्यूतही धोका ताप उतरताना सुरू होतो, पोटात दुखणं, उलट्या, रक्तस्राव हे तेव्हाच बघायचं असतं. म्हणजे दोन्हींत "ताप उतरला, सुटलो" हे आपलं गणितच कच्चं. २०१५ मध्ये गल्लीत ऐकलेलं ते "कालपर्यंत तर बरे होते" मला त्या क्षणी आठवलं, आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला.

बाबा मात्र अपेक्षेप्रमाणे, "काऊन इतका घाबरून राहिला तू? उद्या गणपती बसू दे, मग जाऊ नं. सकाळी जाऊ." आईसुद्धा क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. घरात पाटावर अक्षता मांडलेल्या, दिवसभर निर्जळी असलेली ती, रात्री आठची वेळ. सकाळी जाऊ हे किती योग्य वाटत होतं! मी वाद घातला नाही. फ्रिजवर लावलेला शुक्रवारचा कागद दाखवला. आकडा, आकडा, गोंधळ, परत आलेला ताप. पाचपैकी चार. आईनं कागद वाचला आणि म्हणाली, "चला हो. गणपती कुठं पळून नाही चालले." तिनं पर्समध्ये आधार कार्ड, साखरेची औषधं आणि मेडिक्लेमचं कार्ड टाकलं. दहा मिनिटांत आम्ही रिंग रोडला लागलो होतो.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग. न्यूमोनिया. फ्लूची तपासणी झाली, इन्फ्लुएंझा ए. दोन दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी, शिरेतून अँटिबायोटिक, साखरेसाठी इन्सुलिन. आता अँटिबायोटिकची गरज होती, कारण आता जिवाणू होते. सोमवारी मला ताप भरला तेव्हा एका सहकाऱ्यानं "माझ्याकडे अ‍ॅझिथ्रोमायसिन पडून आहे, घे तीन दिवस" असा मेसेज केला होता, तेव्हा नव्हती. औषध तेच, फरक कशासाठी घेतोय याचा.

ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी शीटचं प्रिंटआउट बघितलं, ताप कधी गेला आणि कधी परत आला त्यावर पेनानं गोल केला आणि म्हणाल्या, "हे बरं केलं. लोक नुसतं आठ दिवसांपासून ताप आहे सांगतात." मला इन्क्रिमेंट मिळाल्यासारखं वाटलं. मग रात्री बाराला हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो आणि हात थरथरत होते ते दिसलं. समोर चहाची टपरी उघडी होती. गणेश चतुर्थी लागली होती. कोणाच्या तरी मंडळाची मूर्ती ढोल-ताशात चालली होती आणि आत बाबा ऑक्सिजनवर.

गणपती आत्याच्या मुलानं बसवले. व्हिडिओ कॉलवर आरती. बाबांनी नळी लावूनच टाळ्या वाजवल्या आणि नर्सबाईंची बोलणी खाल्ली. पाचव्या दिवशी गौरींच्या सुमारास घरी आलो. खोकला पुढे तीन आठवडे होता, थकवा दिवाळीपर्यंत. याबद्दलही कोणी सांगत नाही, की फ्लूनंतरचा खोकला आणि अशक्तपणा बराच काळ टिकू शकतो. हळूहळू कमी होतोय ना, एवढं बघायचं.

माझं स्वतःचं काय? पाच दिवसांत ठणठणीत. बाबांच्या वयाची आणि साखरेची भर नसेल तर बहुतेकांचं असंच होतं. म्हणूनच आपल्याला तो "साधा" वाटतो, आणि आपण ताप अंगावर काढून स्टँड-अपला हजर राहण्यात मर्दुमकी मानतो. आमच्या मजल्यावर एक जण आहे, १०१ ताप असताना क्लायंटचा डेमो दिला म्हणून त्याचं टाउनहॉलमध्ये कौतुक झालं. त्या आठवड्यात त्या रांगेतले सहा जण पडले, त्यातल्या एकीच्या घरी आठ महिन्यांचं बाळ. मोठ्या माणसाच्या विषाणूची खरी किंमत अशी दुसऱ्याच घरात वसूल होते. तापाचं औषध न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच ऑफिसला या, तोवर लॅपटॉप बंद. हा नियम कुठल्याही मॅनेजरला समजेल इतका सोपा आहे. (आमच्याला समजला. त्यालाही त्याच आठवड्यात झाला होता.)

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी एवढं लक्षात ठेवा, की मुलाचे श्वास झोपेत किंवा शांत असताना मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्यापेक्षा जास्त म्हणजे जलद श्वास, आणि श्वासाबरोबर बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर तर नाहीच थांबायचं. यंत्र लागत नाही, मोबाईलचं घड्याळ पुरतं.

आणि लस. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू सारखा आपलं रूप थोडंथोडं बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी, लशीत कोणते प्रकार घालायचे ते ठरवते. दरवर्षीचा पॅच रिलीज, चक्क. एक मजेची बातमी, बी-यामागाता नावाचा फ्लूचा एक प्रकार मार्च २०२० पासून जगात कुठेच खात्रीनं सापडलेला नाही, त्यामुळे तो लशीतूनच काढायला सांगितलं. विषाणूही डेप्रिकेट होतात! लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही, पण हॉस्पिटलपर्यंत जायची वेळ कमी येते. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी.

बाबांनी त्यानंतरच्या एप्रिलात घेतली. त्याबरोबर डॉक्टरांनी न्यूमोनियाची लसही सुचवली, तीही घेतली. दोन्हींची तारीख त्यांनी फ्रिजवरच्या त्याच कागदावर खाली लिहिली आहे, निळ्या पेनानं, त्यांच्या सुवाच्य अक्षरात. आईच्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे. तिला सुईची भीती वाटते आणि ती म्हणते, पाहुणे येऊन जाऊ दे, मग बघू. येत्या शनिवारी दहा वाजताची अपॉइंटमेंट घेतली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.